कुंडीतलं पांढरं

कुंडीतल्या मातीवर काहीतरी पांढरं दिसलं की मराठी माणूस आधी ते बोटाने दाबून बघतो, मग बोटाचा वास घेतो आणि मग शेजाऱ्याला हाक मारतो. तज्ज्ञाला विचारायची वेळ येतच नाही, कारण शेजारी येतो तो तज्ज्ञ होऊनच येतो. आमच्या जास्वंदीच्या एका कुंडीला तर इतके तज्ज्ञ मिळाले की एखाद्या कृषी विद्यापीठाला हेवा वाटावा. फरक इतकाच, की विद्यापीठातले तज्ज्ञ निदान चहा मागत नाहीत.

जास्वंदीची थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. लाल, पाच पाकळ्यांची, गावरान. आणली त्या वर्षी गणपतीत तिने घराची लाज राखली. यंदा मात्र आषाढ लागला तरी कळीचा पत्ता नाही. पानं मात्र अशी माजली होती की गॅलरीतून समोरची इमारत दिसेना. गणपतीच्या दिवसांत मंडईत जास्वंदीचा भाव विचारणारा माणूस देवापेक्षा फूलवालीपुढे जास्त वाकतो, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे एका रात्री सासूबाई ताटावरून म्हणाल्या, "दारात झाड असून देवाला विकतची फुलं घालायची म्हणजे कमाल झाली."

हे वाक्य त्या म्हणाल्या तेव्हा घरातले सगळे पानावर होते आणि मावशी ओटा पुसत होत्या. एवढं फक्त लक्षात ठेवा.

पुढे काही दिवसांनी मी पाणी घालायला गेले आणि मातीवर पांढरं दिसलं. बरं, एकाच प्रकारचं असतं तर गोष्ट वेगळी. मध्यभागी बारीक दाणे होते. एका बाजूला भुकटी. खोडापाशी कापसासारखं काहीतरी. कुंडीच्या कडेला घट्ट पापुद्रा. आणि पानांच्या बेचक्यात पिठाचे ठिपके. झाडाला एकदम सगळे रोग होतात की आपल्या कुंडीत प्रदर्शन भरलंय, तेच कळेना.

"थर्माकोल आहे," नवरा म्हणाला.

"तू बघितलंस तरी का?"

"बघायचंय काय त्यात? कुंडी हलकी व्हावी म्हणून नर्सरीवाले घालतात." हे सगळं सोफ्यावरून. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं आणि शेवटची ओव्हर होती. नवऱ्याला कुठल्याही क्षणी काहीही विचारा, शेवटची ओव्हर असते.

कन्या कॉलेजात आहे, त्यामुळे ती कुठलीही गोष्ट डोळ्यांनी बघत नाही, फोनने बघते. झाडं ओळखणारं एक ॲप तिच्याकडे होतं. त्याने पहिला फोटो पाहून 'अळंबी' म्हटलं, दुसरा पाहून 'तांदूळ' म्हटलं, आणि तिसऱ्या फोटोत माझा अंगठा आला होता त्याला 'मुळा, खाण्यास योग्य' असा शेरा दिला. मग तिने अंगठा वगळून पुन्हा फोटो काढला. "आई, हे परलाइट आहे," तिने जाहीर केलं.

परलाइट म्हणजे ज्वालामुखीची काच. तिच्यात दोन ते पाच टक्के पाणी अडकलेलं असतं. ती 850 ते 900 अंशांपर्यंत तापवली की त्या पाण्याची वाफ होते आणि काच लाह्यांसारखी फुलते, मूळ आकाराच्या चौपट ते वीसपट. माती भुसभुशीत राहावी, मुळांना हवा मिळावी म्हणून ती मिसळतात. हलकी असल्यामुळे पाणी घातलं की तरंगून वर येते. मला हे ऐकून कौतुक वाटलं आणि मग राग आला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर जवळजवळ अख्खा महाराष्ट्र बसलाय, आमच्या इमारतीचा पाया खणताना त्याच दगडापायी बिल्डरची दोन मशिनं मोडली, आणि आम्ही लाव्ह्याची पिशवी किलोच्या भावाने विकत आणतो! पण आपला दगड काळा, जड आणि फुगायला साफ नकार देणारा. तिथेही आपण साधेच.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. दाणे म्हणजे परलाइट, हे खरंच होतं. पण मी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकांपुढे बोलून गेले.

काका सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आहेत. हातात बॅटरी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते संध्याकाळी हजर. कुंडीच्या कडेचा पापुद्रा त्यांनी खरवडला, बॅटरीच्या उजेडात धरला आणि विजयी स्वरात म्हणाले, "लोणा!"

"म्हणजे भिंतीला लागतो तो?"

"तोच. उन्हाळाभर टँकरचं पाणी घातलंत ना? बोअरचं जड पाणी असतं ते. कॅल्शियम, मॅग्नेशियम. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मातीची कुंडी असली की तिच्या अंगातून बाहेर येतात."

हेही खरं होतं. आमच्या सिंहगड रोडच्या बाजूला मार्च ते जून टँकरचंच राज्य असतं. गीझरच्या कॉइलवर, नळाच्या जाळीवर आणि माझ्या केसांवर तोच थर बसतो. उपायही सोपा, वरची इंचभर माती काढायची आणि खालून निथळेपर्यंत चांगलं पाणी सोडायचं. पण काका उपायावर थांबणारे नव्हते. ते आता गॅलरीच्या फरशीवर उकिडवे बसून सांधे तपासत होते.

"वहिनी, हा कुंडीचा प्रॉब्लेमच नाहीये. हा स्लॅबचा प्रॉब्लेम आहे."

आमच्या गॅलरीतून त्यांच्या गॅलरीत पाणी झिरपतं की नाही, हा वाद सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेत 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' म्हणून येतो. काकांनी कुंडीतल्याच मातीवर स्क्रू-ड्रायव्हरने स्लॅबचा छेद काढून दाखवला. त्यात वॉटरप्रूफिंगचा थर दाखवायला त्यांनी ते पांढरं वापरलं. चहा झाल्यावर जाताना म्हणाले, "पुढच्या मीटिंगला हे सॅम्पल मी ठेवणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. काकूंनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि अजूनही त्या समोरच्याला आठवी 'ब'मधला समजतात. सकाळच्या फिरण्यावरून परस्पर आल्या होत्या. हातातली कापडी पिशवी त्यांनी आमच्या कडीला अडकवली. पिशवीतून कण्हेर आणि तगर डोकावत होती. काकूंच्या फिरण्याचा मार्ग कुंपणाबाहेर आलेल्या फांद्यांवरून ठरतो, हे आमच्या भागात कुणापासून लपलेलं नाही.

"डोळ्यांनी काय बघता? परीक्षण करा. लिंबू आणा."

मी लिंबू आणलं. त्यांनी ते कापून त्या पांढऱ्यावर पिळलं. बारीक बुडबुडे आले.

"फसफसलं!" काकूंचा चेहरा उजळला. "कार्बोनेट. आम्ल घातलं की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सांगा, कोणता वायू?"

"कार्बन डायऑक्साइड."

"शाबास."

"पण म्हणजे नक्की काय आहे ते?"

"ते यावरून नाही सांगता येणार. खडू फसफसतो, संगमरवर फसफसतो, चुनखडी फसफसते, अंड्याचं टरफल..." इथे काकू थांबल्या. आमच्या घराकडे, मग माझ्याकडे, मग सासूबाईंच्या देवघराकडे त्यांनी क्रमाने बघितलं. "अंड्याचं टरफलसुद्धा फसफसतं," असं त्या हळू आवाजात म्हणाल्या, पिशवी उचलली आणि चहा न घेता गेल्या. आमच्याकडून चहा न घेता गेलेल्या त्या एकट्याच. पण त्याच संध्याकाळी मला लिफ्टमध्ये दोघींनी विचारलं, "तुमच्याकडे चालतं का हो?"

खोडापाशी कापूस होता, त्याचं काय, हे कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांना विचारलं. ते त्वचारोगतज्ज्ञ आहेत. कुंडीकडे त्यांनी दोन सेकंद बघितलं.

"फंगल आहे. घरात कुणाला खाज?"

"नाही हो, झाडाला—"

"नखं दाखवा." माझी बघितली, सासऱ्यांची बघितली, मग सोफ्यावरच्या नवऱ्याच्या पायाचा अंगठा बघितला आणि तिथे त्यांना खरा आनंद झाला. कुंडीतली बुरशी निरुपद्रवी असते, मेलेल्या पानांवर आणि खतावर जगते, पावसाळ्यात दमट हवेत दिसायला लागते, वरची माती जरा हलवून कोरडी होऊ दिली की जाते, असं त्यांनी जाता जाता सांगितलं. पण चिठ्ठी लिहिली ती नवऱ्याच्या अंगठ्यासाठी. दिवसातून दोनदा लावणे, जागा कोरडी ठेवणे. नवऱ्याने ती चिठ्ठी कुंडीत खोचली आणि म्हणाला, "दोघांना चालेल."

आता हे चालू असताना कापलेलं लिंबू काकूंनी कुंडीतच टाकलं होतं. दोन फोडी. खाली लालसर माती, बाजूला पांढरी भुकटी, वर डॉक्टरांची अगम्य अक्षरातली चिठ्ठी. सकाळी मावशी गॅलरी झाडायला गेल्या आणि केरसुणी टाकून परत आल्या.

"ताई, मी तिथं पाऊल ठेवणार न्हाई. कुणीतरी करणी केलीया. लिंबू हाय, पांढरं हाय आणि कागुद बी लिवून ठेवलाय."

"मावशी, ते डॉक्टरांचं अक्षर आहे."

"तर! म्हंजे शिकल्यालं माणूस हाय."

नवऱ्याने उत्साहाने महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा समजावून सांगायला घेतला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, मग परवा अमावास्या हाय, तवा गॅलरी तुम्ही झाडणार का?" कायदा तिथेच थांबला. त्या अमावास्येला गॅलरी मी झाडली. सासूबाईंनी विज्ञानावर पूर्ण विश्वास असल्याचं सांगून, केवळ आपलं मन म्हणून, कुंडीवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. मीठही पांढरंच. त्यातलं थोडं कुंडीत सांडलं.

समोरच्या फ्लॅटमधला मुलगा एकटा राहतो, दाढी ठेवतो आणि सेंद्रिय बागकाम करतो. तो भिंग घेऊन आला. त्याने मातीकडे पाहिलंच नाही, थेट पानांच्या बेचक्यातल्या ठिपक्यांना भिंग लावलं.

"काकू, पिठ्या ढेकूण. जास्वंदीला हमखास. बघा, मुंगळ्यांची रांग आहे ना? हा रस शोषतो, गोड चिकटा सोडतो, मुंगळे तो खातात आणि बदल्यात याचं रक्षण करतात. अंगावर मेणाचं पीठ असतं, म्हणून साधं पाणी लागतच नाही. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून पुसा."

भिंगातून मला तो किडा दिसला. पांढरा, झालरीचा, निवांत.

"ही मादी," तो म्हणाला. "एकदा बसली की बसली. नराला पंख असतात, पण मोठा झाल्यावर त्याला तोंडच नसतं. काही खात नाही, बोलायचा प्रश्नच नाही. दोन-चार दिवस उडतो, संपतो."

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा अंगठ्याला मलम लावत होता.

"पण थांबा, सगळेच मारू नका," मुलगा एकदम म्हणाला. "यातला एखादा क्रिप्टोलेमस असू शकतो."

हे नवीन संकट. क्रिप्टोलेमस हा ऑस्ट्रेलियातला एक छोटा भुंगेरा. किडींचा फडशा पाडण्यासाठी तो 1898 साली मुद्दाम भारतात आणला गेला. पिठ्या ढेकूण हे त्याचं आवडतं खाणं. पण गोम अशी, की त्याची अळीही अंगावर पांढरे मेणाचे झुपके घेऊन फिरते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. जो चोर आहे तो आणि चोर पकडणारा, दोघांचा एकच वेश.

"मग ओळखायचं कसं?"

"जरा मोठी असते आणि भराभर चालते. निरीक्षण करा. जो खातोय तो आपला, ज्याला खातायत तो शत्रू."

झालं. पुढचे काही दिवस मी ऑफिसला निघायच्या आधी भिंग घेऊन जास्वंदीसमोर उभी राहायचे आणि कोण कोणाला खातोय ते बघायचे. कुणीच कुणाला खात नव्हतं. समोरच्या इमारतीतल्या एका आजींनी मात्र सासूबाईंना देवळात विचारलं, "सूनबाई बऱ्या आहेत ना?"

आता राहिले वाळव्याचे मामा. त्यांचा ऊस आहे आणि जगातला कुठलाही प्रश्न ते उसापर्यंत नेऊ शकतात. दवाखान्याच्या कामाला पुण्यात आले होते. गॅलरीत तंबाखू मळता मळता त्यांनी कुंडीत बोट घातलं, ढेकूळ फोडलं आणि आतून इंग्रजी 'सी'सारखी वळलेली, जाड, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी बाहेर काढली.

"ही बघ. हुमणी!" लहानपणीचा मित्र भेटावा तसा आवाज होता. "आगं, मुळ्या खाती ही. आमचं उसाचं अख्खं बुडखं पोकळ करती. वळीव पडला की हिचं भुंगं निघत्यात, रातच्याला कडूलिंबावर न् बाभळीवर पाला खायला बसत्यात. तवाच फांद्या हलवून, उजेड लावून गोळा करून मारायचं असत्यात. तुम्ही मे महिन्यात काय करत हुता?"

"मामा, आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो."

"त्येला काय हुतंय, भुंगं उडत्यात की."

मग त्यांनी पानाकडे बघितलं, पान उलटं केलं, आणि चेहरा गंभीर केला. "युरिया कुणी टाकलाय?"

कुणीच बोलेना.

"पानं बघ, काळीशार झाल्यात. युरियात 46 टक्के नत्र असतंय. नत्र जादा झालं की पाला माजतो, फूल येत न्हाई. एवढ्याशा कुंडीत मूठभर युरिया टाकणारा माणूस अडाणी म्हणायचा." मामांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. सासरे छताकडे बघत होते. मग त्यांनाच सुचलं.

"अहो, मागच्या वेळी तुम्हीच तुमच्या पिशवीतून काहीतरी दाणे टाकले होतेत ना? म्हणालात, बघा आता कसं झाड होतंय!"

मामांनी तंबाखूचा बार भरला. भरल्यावर त्यांना बोलता येत नाही.

शेवटी ठरलं, कुंडी उलटी करायची. जुना पेपर अंथरला. मामा, सासू-सासरे, नवरा, कन्या आणि दारात उभ्या राहून, पाऊल आत न घालता, मावशी. नवऱ्याने कुंडीच्या बुडावर थाप मारली आणि मातीचा गठ्ठा बाहेर आला. पुरातत्त्व खात्याचे लोक उत्खननात थर मोजतात, तसा एकेक थर बाहेर येत गेला आणि एकेकाचा चेहरा बदलत गेला.

वरच्या थरात गोल, अर्धवट विरघळलेल्या गोळ्या होत्या. सासूबाईंनी एक उचलली. "ह्या तुमच्या कॅल्शियमच्या गोळ्या ना?"

"मुदत संपलेल्या होत्या," सासरे म्हणाले.

"सोमवारी आणल्यात!"

"घशात अडकतात गं त्या. म्हटलं, तिला तरी लागू पडतील. हाडं काय, खोड काय."

त्याखाली आंबूस वासाचा पांढरा लेप. सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. दुधाच्या पिशव्या धुतलेलं पाणी, तांदळाचं धुवण आणि एकादशीला उरलेलं ताक, असा त्यांचा रतीब पहाटे, कुणी उठायच्या आत, चालू होता. "आमच्या माहेरी असंच करायचे," त्या म्हणाल्या. त्यांच्या माहेरी परसात विहीर होती, अर्ध्या एकराची वाडी होती आणि हे ताक म्हशीच्या दुधाचं होतं. ते कापसासारखं वाढलं होतं, त्याला त्यांचं माहेर कारणीभूत होतं.

भुकटी नवऱ्याची निघाली. त्याने सोफ्यावरूनच ऑनलाइन ट्रायकोडर्मा मागवली होती. ही एक उपयोगी बुरशी, मुळं कुजवणाऱ्या बुरशीला खाणारी. शंखजिऱ्याच्या पांढऱ्या पुडीत मिसळून विकतात. आधी ती पांढरी वाढते आणि मग हिरवी होते. शेतकरी चमचाभर शेणखतात मुरवून घालतात. नवऱ्याने पाकीटभर घातली होती, कारण उरलेली ठेवायची कुठे, असा प्रश्न त्याला पडला होता.

"म्हणजे तू थर्माकोल म्हणालास तेव्हा तुला माहीत होतं?"

"मी दाण्यांबद्दल म्हणालो. भुकटीबद्दल तू विचारलंच नाहीस."

मग आली टरफलं. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले, म्हणजे डोळ्यांवर ठेवायला हवे होते पण घाईत कानांवर गेले. कन्या म्हणाली, "मैत्रिणीकडे बुर्जी केली होती, मी फक्त टरफलं आणली. मी खाल्लं नाही, झाडाने खाल्लं." यावर कोणता धर्मशास्त्रीय निर्णय द्यावा, ते सासूबाईंना सुचेना. टरफलं मातीत मुरायला फार काळ लागतो, त्यामुळे ती अगदी पुराव्यासारखी स्वच्छ होती.

"आन् ती बाजूची रांगोळी माझी हाय," दारातून मावशी म्हणाल्या. "दारातली रांगोळी पायाखाली येऊ ने, म्हणून मी रोज कुंडीत भरायचे." आणि मग, जराशाने, "म्हंजे करणी न्हाई म्हणायची."

मातीच्या अगदी कडेला, कुंडीच्या आतल्या अंगाला चिकटून, दोन गोल, टणक, वाटाण्याहून थोडी मोठी पांढरी अंडी होती. पालीची. पाल एका वेळी दोनच घालते, कन्येने सांगितलं. एवढ्या सगळ्या गर्दीत तिला एकटीलाच कुटुंबनियोजन जमलं होतं. ती मात्र आमच्यापैकी कुणाची नव्हती, म्हणून तिची अंडी सन्मानाने दुसऱ्या कुंडीत हलवण्यात आली.

एवढं सगळं झाल्यावर सोसायटीच्या माळीदादांना बोलावलं. त्यांना आम्ही सगळे एकदम सांगायला लागलो. परलाइट, लोणा, कार्बोनेट, बुरशी, ढेकूण, हुमणी, नत्र. माळीदादांनी पेपरवरच्या मातीकडे पाहिलंही नाही. मान वर करून ते म्हणाले, "ताई, पर ऊन कुठाय?"

आम्ही वर बघितलं. गॅलरीत तारेवर, आडव्या दांड्यांवर आणि कपड्यांच्या घडीच्या स्टँडवर चादरी होत्या. पावसाळ्यात चादर वाळायला तीन दिवस लागतात आणि आमच्याकडे चादरी रोज धुतात. म्हणजे जून लागल्यापासून जास्वंदीने सूर्य पाहिला नव्हता.

"हिला सहा तास तरी ऊन पायजे. ह्या चादरी काढा."

चादरी काढायचा प्रश्नच नव्हता. त्यापेक्षा सासूबाईंनी गणपती हलवायला परवानगी दिली असती. गच्चीवर कुंड्या ठेवायला बंदी, ती खालच्या काकांनीच वॉटरप्रूफिंगच्या कारणावरून मंजूर करून घेतलेली. मग माळीदादांनी मुळं धुतली, नवी माती भरली, फांद्यांचे शेंडे छाटले आणि कुंडी खाली पार्किंगच्या कडेला, कुंपणाच्या भिंतीशी, उन्हात नेऊन ठेवली. बेचक्यातले ढेकूण स्पिरिटने पुसले. सगळे नाही. त्यातला एखादा क्रिप्टोलेमस असेल, या आशेने समोरच्या मुलाने काही राखून ठेवले.

आणि खरोखर श्रावणात उघडीप मिळाली तशा कळ्या धरल्या. सासूबाई रोज गॅलरीतून वाकून मोजायच्या. सासरे गोळ्या घ्यायला लागले. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी टपोरी कळी अशी लाल झाली होती की उद्या सकाळी उमलणार हे नक्की. मी पहाटे अंघोळ करून, ताम्हन घेऊन, लिफ्टची वाट न बघता खाली उतरले.

देठ होता. फूल नव्हतं.

विकतची जास्वंद आणली. भाव सांगत नाही.

संध्याकाळी वरच्या काकूंकडे आरतीला गेलो. त्यांची मूर्ती सुरेख होती, शाडूची. तिच्या सोंडेवर, अगदी मधोमध, लालभडक पाच पाकळ्यांची जास्वंद.

"कुठे मिळाली हो इतकी ताजी?" सासूबाईंनी विचारलं.

"देवाचीच इच्छा," काकू डोळे मिटून म्हणाल्या. "सकाळी फिरायला निघाले, तर अशी समोर उभी."

नवरा खोकला. खालच्या काकांनी झांजा उचलल्या, डॉक्टरांनी टाळ्यांची तयारी केली, तेवढ्यात काकूंनी डोळे उघडले आणि वाकून फुलाच्या देठाशी निरखून बघितलं. तिथे एक पांढरा, पिठाळ ठिपका होता, आणि तो हळूहळू सोंडेकडे निघाला होता. काकांनी लगेच छताकडे पाहिलं. डॉक्टरांनी काकूंच्या नखांकडे.

"हे पांढरं काय असेल हो?" काकूंनी मला विचारलं.

"प्रसादाचं खोबरं असेल," मी म्हणाले, "चला, सुखकर्ता सुरू करा."